कुंकू, गंध, टिळा, भस्म, बुक्का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाळावरच्या खुणांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एका जागी आणले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या चालीरीतींना धरून आहेत. बाहेरच्या संप्रदायांचा उल्लेख गोंधळ होतो तेवढ्यापुरताच येतो. 'शास्त्रात असंच सांगितलंय' म्हणणारे तिघं भेटले की तीन शास्त्रं निघतात, कारण यातले बहुतेक नियम घराण्याचे, गावाचे किंवा संप्रदायाचे असतात. म्हणून चाल आहे तिथे चालच म्हटलं आहे.

१. कुंकू, गंध, टिळा, नाम, टिकली यांत नेमका फरक काय?

यातली काही नावं पदार्थांची आहेत आणि काही आकारांची. कुंकू, गंध, भस्म, बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, शेंदूर हे पदार्थ. टिळा, नाम (उभी खूण), त्रिपुंड्र, चिरी, चंद्रकोर, मळवट हे आकार. एकाच पदार्थाचे अनेक आकार होतात: कुंकवाचा गोल ठिपका, कुंकवाची आडवी चिरी आणि कुंकवाचाच मळवट, म्हणजे सबंध कपाळ भरलेलं.

गंध म्हणजे मुळात सहाणेवर उगाळलेलं चंदन. बोलण्यात मात्र पुरुषाच्या कपाळावर काहीही असलं तरी 'गंध लावलंय' म्हणतात, मग ते अष्टगंध असो की कुंकू. टिकली हा कुंकवाचा चिकटवायचा पर्याय. तिला धार्मिक नियम असे फारसे नाहीत, पण त्वचेचे आहेत (प्रश्न १२).

२. आमच्या माहेरी उभं गंध लावतात, सासरी आडवं. बरोबर कुठलं?

दोन्ही. उभी खूण म्हणजे ऊर्ध्वपुंड्र, ती वैष्णवांची. आडव्या रेघा म्हणजे त्रिपुंड्र, ते शैवांचं. चंद्रकोर शंकराच्या माथ्यावरच्या चंद्राची, म्हणून तीही शैव बाजूची. माहेरचं कुलदैवत बालाजी आणि सासरचं एखादं ज्योतिर्लिंग असेल तर असा फरक पडणारच.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ही सीमारेषा कडक नाही. श्रावणी सोमवारी भस्माचे पट्टे ओढणारा माणूस आषाढीला बुक्का लावतो आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. संप्रदायाची दीक्षा घेतलेले असतील (माध्व, श्रीवैष्णव, लिंगायत, माळकरी) तर मात्र खूण ठरलेली असते आणि ती बदलत नाहीत.

३. कपाळ बघून माणूस कुठल्या देवाहून आला हे ओळखता येतं का?

महाराष्ट्रात बऱ्यापैकी येतं. कपाळ पिवळंजर्द असेल तर जेजुरी किंवा खंडोबाचं दुसरं एखादं ठाणं: तो भंडारा, म्हणजे हळदीची पूड. बिरोबाच्या यात्रेतही भंडाराच. गुलाबी गुलालाने माखलेलं कपाळ बहुधा कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावरून उतरलेलं. काळा बुक्का पंढरपूर, आळंदी, देहूचा. कपाळभर कुंकू म्हणजे देवी: तुळजापूर, कोल्हापूरची अंबाबाई, माहूर, वणी. केशरी शेंदराचं बोट मारुतीचं किंवा गणपतीचं. पांढरी राख महादेवाची.

पण गुलाल फक्त जोतिबाचा नव्हे. गणपती विसर्जनाची मिरवणूक आणि निवडणुकीचा निकाल हेही गुलालाचेच दिवस.

भंडाऱ्याबाबत एक खबरदारी. स्वस्त भंडाऱ्यात हळदीऐवजी रंगवलेली पिवळी पूड असू शकते. बोटावर चोळून वास घ्या. हळदीचा उग्र, मातकट वास आला नाही आणि रंग डोळ्यांना बोचण्याइतका झगझगीत वाटला तर ती पूड कपाळाला लावू नका, उधळूही नका. डोळ्यांत गेली की चुरचुरत राहते.

४. वारकऱ्यांसारखा टिळा घरी कसा लावायचा? माझा नेहमी ओघळतो.

ओघळतो तो पाणी जास्त झाल्यामुळे. लागणारं साहित्य दोनच: गोपीचंदनाची वडी आणि बुक्का.

गोपीचंदन हे नाव चंदनाचं असलं तरी ती माती आहे, फिकट पिवळसर. द्वारकेजवळच्या गोपी तलावाची म्हणून ती ओळखली जाते. डाव्या तळहातावर चार-पाच थेंब पाणी घ्या आणि वडी त्यात गोल फिरवा. ताकासारखं पातळ दिसतं तोवर थांबायचं नाही. पातळ दह्याइतकं दाट झालं, म्हणजे हात तिरपा केल्यावर जागचं हललं नाही, की तयार. कपाळ कोरडं हवं. घाम किंवा तेल असेल तर आधी पुसून घ्या.

उजव्या हाताच्या अनामिकेने नाकाच्या मधल्या भागापासून सुरू करून वर केसांपर्यंत एका दमात ओढा. खालून वर जायचं, वरून खाली नाही. वाळायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. त्याआधी बुक्का लावला तर तो ओल्या मातीत पसरून सगळं राखाडी होतं, आणि चूक होते ती बहुतेकदा इथेच. टिळा पांढरट पडला, म्हणजे वाळला, की मग बुक्क्याचं कोरडं बोट मध्यभागी टेकवा. चोळू नका.

देवळाबाहेर तारेच्या साच्याने काढून देतात तो रेखीव दुहेरी टिळा हल्ली जास्त दिसतो. त्यात बहुधा पिवळं गंध किंवा अष्टगंध असतं. साचा शेकडो कपाळांना लागलेला असतो. त्वचेचा त्रास असणाऱ्यांनी बोटानेच लावून घ्यावं.

५. बुक्का म्हणजे नुसता कोळसा का?

नाही. काळा रंग कोळशाच्या पुडीचा असतो, पण जीव त्यातल्या सुगंधी द्रव्यांत: कापूरकाचरी, नागरमोथा, वाळा, चंदनाची भुकटी, दवणा. घटक आणि प्रमाण बनवणाऱ्यागणिक बदलतं. चांगला बुक्का बोटाला मऊ लागतो आणि त्याचा वास काही तास टिकतो. खरखरीत आणि बिनवासाचा असेल तर तो खरंच जवळपास नुसता कोळसा.

६. भस्माचे तीन पट्टे कसे ओढतात? तीन बोटं एकदम की वेगळं काही?

रोजच्या व्यवहारात तर्जनी, मध्यमा आणि अनामिका एकत्र धरून डावीकडून उजवीकडे एकदम ओढतात. जुन्या पद्धतीत मध्यमा आणि अनामिकेने वरची व खालची रेघ डावीकडून उजवीकडे काढतात आणि मधली रेघ अंगठ्याने उलट दिशेने. रेघा एका भुवईच्या टोकापासून दुसऱ्या भुवईच्या टोकापर्यंत असाव्यात, त्याहून लांब नकोत.

भस्म दुपारच्या आत पाण्यात कालवून आणि नंतर कोरडं लावण्याची रूढी आहे. ओलं भस्म लावल्याबरोबर फिकट दिसतं आणि वाळल्यावर पांढरं उठतं. त्यामुळे 'दिसत नाही' म्हणून दुसरा थर देऊ नका. दोन थरांचं भस्म पापुद्रे धरून गळतं.

भस्म गोवऱ्यांच्या राखेचं असावं, चुलीतल्या कुठल्याही राखेचं नव्हे. लाकडाच्या राखेत क्षार जास्त असतात, घामाबरोबर ती चावते. वस्त्रगाळ केलेली राखच वापरावी. लिंगायत परंपरेत विभूती, म्हणजे हे भस्म, अष्टावरणांपैकी (भक्ताचं रक्षण करणाऱ्या आठ गोष्टींपैकी) एक आहे. सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या घरांतून तिची घट्ट वडी किंवा गोळा ठेवलेला दिसतो. तिथे विभूती हा रोजचा आचार आहे, फक्त सणावाराचा नाही.

७. इंग्रजी यू आणि वाय अक्षरांसारखी नामं कोणाची?

पांढरं यू आणि मधे पिवळी किंवा लाल रेघ: श्रीवैष्णवांतले वडगळै. पांढरं वाय, खालचा देठ नाकावर उतरलेला आणि मधे लाल रेघ: तेंगळै. दोघांची पांढरी माती म्हणजे तिरुमण आणि मधली रेघ श्रीचूर्णाची. लाल कुंकवाचं यू पुष्टिमार्गीयांचं. पिवळसर यूच्या मधे लाल गोल ठिपका स्वामीनारायणवाल्यांचा. नाकावर तुळशीच्या पानासारखा आकार असेल तर गौडीय वैष्णव.

आपल्याकडे सोलापूर-सांगली पट्ट्यात माध्व घरं बरीच आहेत. त्यांची खूण गोपीचंदनाची, मधे अंगाराची (धुपाच्या कोळशाची) काळी उभी रेघ आणि तिच्या खाली अक्षतेचा (इथे तांदूळ नव्हे, लाल गंध) लालसर ठिपका. एकादशीला हा ठिपका लावत नाहीत, फक्त अंगार असतो. त्यामुळे एखाद्या माध्व आजोबांच्या कपाळावरून तिथी कळते. माध्वांत केशव, नारायण अशा बारा नावांनी अंगावर बारा ठिकाणी नामं काढण्याचीही रीत आहे.

८. कुठल्या बोटाने लावायचं?

परंपरेत सांगतात तो नियम असा: अनामिका शांती देणारी, मध्यमा आयुष्य वाढवणारी, अंगठा पुष्टी देणारा, तर्जनी मोक्ष देणारी. त्यावरून व्यवहार ठरला. देवाला गंध अनामिकेने. स्वतःला अनामिकेने किंवा मध्यमेने. दुसऱ्याला, विशेषतः कामगिरीवर निघालेल्याला किंवा भावाला, अंगठ्याने खालून वर. तर्जनी पितरांसाठी राखलेली, श्राद्धात गंध तिने देतात. म्हणूनच एरवी कोणी तर्जनीने कुंकू लावलं की घरातल्या मोठ्या बायका चटकन हात धरतात.

९. खरं कुंकू कशाचं असतं? घरी करता येईल का?

हळदीचं. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य क्षारासोबत लाल होतं, आणि टाकणखार (बोरॅक्स) व आम्ल यांच्यासोबतही लाल होतं. या दोन वाटांनी दोन प्रकारचं कुंकू बनतं.

सोपी वाट चुन्याची. दहा भाग हळदपुडीला एक भाग खायचा भिजवलेला चुना थोडा-थोडा घालत हाताने चोळत राहा (हातमोजे घाला). रंग डोळ्यांदेखत पिवळ्याचा नारिंगी आणि मग तांबडा होतो. पाणी शिंतोड्याइतकंच. सावलीत वाळवा, वस्त्रगाळ करा, शेवटी तुपाचे दोन-चार थेंब चोळा म्हणजे पूड उडत नाही. चुना जास्त झाला तर रंग विटकरी, करपट येतो आणि कपाळ चुरचुरतं. हे कुंकू फार टिकत नाही. क्षारात हळदीचा रंग हळूहळू मरतो, उजेडात तर लवकरच. त्यामुळे एकदा थोडंच करावं आणि बंद करंड्यात ठेवावं.

दुसरी वाट वेळखाऊ, पण रंग देखणा. साधारण एक किलो हळकुंडांच्या तुकड्यांना १०० ग्रॅम टाकणखार, १० ग्रॅम तुरटी आणि ४० लिंबांचा रस. टाकणखार व तुरटी रसात विरघळवून हळकुंडं त्यात घालायची आणि रस पूर्ण मुरेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा हलवायचं. भांडं लोखंडी नको, रंग काळपट पडतो. मग सावलीत खडखडीत वाळवून दळायचं, मलमलीतून चाळायचं आणि ७५ ग्रॅमपर्यंत तूप चोळायचं. उन्हात वाळवलं की रंग उडतो, बहुतेकांचं तिथेच बिनसतं. टाकणखार पोटात जाता कामा नये, म्हणून हा उद्योग मुलांच्या हाताशी ठेवू नका.

विकतचं कुंकू म्हटलं की पंढरपूर आणि करमाळा तालुक्यातलं केम ही नावं येतात. केमला कुंकवाचे कारखानेच आहेत.

१०. विकत आणलेलं कुंकू हळदीचं की नुसता रंग, कसं ओळखायचं?

पांढऱ्या बशीत चिमूटभर कुंकू घेऊन वर लिंबू पिळा. पिवळं पडलं तर ते हळद-चुन्याचं. आम्लाने चुन्याचा परिणाम गेला आणि हळद उघडी पडली. लाल राहिलं म्हणून लगेच 'बनावट' ठरवू नका, कारण लिंबू-टाकणखाराचं कुंकू आम्लात बनलेलंच असल्यामुळे लालच राहतं (प्रश्न ९). तेव्हा दुसरी खूण बघा. पाण्यात टाकल्याबरोबर लाल धारा सुटल्या, पाणी सरबतासारखं एकसारखं रंगलं आणि खाली पांढरट गाळ राहिला, तर ती स्टार्च किंवा शंखजिऱ्याची रंगवलेली पूड. हळदीचा रंग साध्या पाण्यात असा धावत नाही.

'नैसर्गिक', 'हर्बल' या शब्दांवर विसंबू नका. पुडीवर घटक छापलेले नसतील तर ती पूजेपुरती ठेवा, कपाळाला नको.

११. पिंजर, शेंदूर, सिंदूर, हिंगूळ हे सगळं कुंकूच ना?

नाही, आणि यातला गोंधळ महागात पडतो. पिंजर ही कुंकवाचीच कोरडी पूड, मेणावर लावायची. शेंदूर म्हणजे शिशाचं केशरी संयुग. तो तेलात कालवून मारुतीला, गणपतीला चढवतात. मूर्तीवर वर्षानुवर्षांचे थर साचून त्याचं कवच होतं. हिंगूळ हे पाऱ्याचं संयुग. उत्तर भारतात भांगात भरतात तो सिंदूर. नाव एक, पण आत काय हे उत्पादकावर अवलंबून, हळदीपासून शिशापर्यंत काहीही.

रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं सौंदर्यप्रसाधनांत वापरायला भारतात बंदी आहे, पण 'पूजेसाठी' म्हणून विकलेल्या पुडीला हा निकष लागतोच असं नाही. म्हणून मूर्तीवरचा शेंदूर लहान मुलांच्या कपाळाला लावू नका, मुलं तोच हात तोंडात घालतात. स्वतः लावलात तर नंतर हात साबणाने धुवा. गर्भवतींनी टाळलेलाच बरा.

१२. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय. कोड आहे का?

बरेचदा नसतं. टिकलीच्या गोंदात वापरलं जाणारं पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फेनॉल हे रसायन काही जणांच्या त्वचेतल्या रंगपेशी मारतं आणि टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उरतो. आधी खाज किंवा लाली येते, पण ती येईलच असं नाही. डाग दिसल्याच्या दिवसापासून टिकली पूर्ण बंद करा. 'जरा वर लावते' हा उपाय नव्हे, तिथे दुसरा डाग पडतो. लवकर थांबवलं तर रंग परत येण्याची शक्यता जास्त. कोड की गोंदाचा डाग हे त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवायचं, कारण कधी कधी डाग टिकलीच्या जागेबाहेरही पसरतो.

उलट डाग काळपट, राखाडी असेल तर संशय कृत्रिम रंगाच्या कुंकवावर. अ‍ॅझो वर्गातल्या काही रंगांनी अशी काळी झाक येते आणि ती जायला महिने लागतात.

नवीन टिकली किंवा कुंकू आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. रात्री टिकली काढून झोपा. आरशावर चिकटवून ठेवलेली जुनी टिकली परत लावू नका. कपाळाला उरलेला चिकटपणा नखाने खरवडण्यापेक्षा खोबरेल तेलाने काढा.

१३. मेण लावून कुंकू कसं लावतात? चंद्रकोर रेखीव येत नाही.

फणेरपेटी (फणी, आरसा, कुंकू ठेवायची लाकडी पेटी) असलेल्या घरांत मेणाची डबीही असायची. मेण हवं तांदळाच्या एका दाण्याएवढं, आणि बहुतेकांचं बिघडतं ते जास्त घेतल्याने. ते बोटाच्या टोकावर चोळून मऊ करा आणि कपाळावर हव्या त्या आकारात अगदी पातळ थर द्या. थर चकाकला पाहिजे, दिसला नाही पाहिजे. मग मध्यमेने कोरडी पिंजर टेकवत जा. ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं. नाकावर पडलेली पूड हाताने पुसू नका, लाल पट्टा उमटतो. फुंकर मारा किंवा कोरड्या कापसाने झटका.

चंद्रकोरीसाठी आधी मेणाचा पूर्ण गोल काढा. त्यावर छोट्या बाटलीचं गोल झाकण थोडं वर सरकवून दाबा आणि झाकणाखालचं मेण ओल्या कापसाने टिपून घ्या. उरलेली कोर तीच तुमची चंद्रकोर. पिंजर त्यानंतर. उन्हात जायचं असेल तर मेणाऐवजी ओलं कुंकू काडीने काढणं शहाणपणाचं, मेण दुपारी वितळून भुवयांत उतरतं. क्रीम लावलं असेल तर दहा मिनिटं थांबा, नाहीतर मेण धरत नाही.

१४. चंदनाचं गंध वाळल्यावर तडकतं आणि पडतं. काय चुकतं?

दाट झालंय. सहाणेवर एका वेळी तीन-चार थेंबच पाणी घ्या, खोड उभं न धरता तळ पूर्ण टेकवून एकाच दिशेने फिरवा. गंध बोटावरून सावकाश घसरलं पाहिजे. टपटप पडलं तर पातळ, अजिबात हललं नाही तर दाट. केशर घालायचं असेल तर दोन-तीन काड्या आधी पाण्याच्या थेंबात पाच मिनिटं भिजवून मग सहाणेवर घ्या. अष्टगंधाची पूड गंधात कालवली की ते कमी तडकतं.

१५. हळदीकुंकवाला आधी हळद की कुंकू? आणि औक्षणात?

हळदीकुंकवात आधी हळद, मग कुंकू. समोरच्या बाईने टिकली लावली असेल तर तिच्यावर थापू नका, वर किंवा खाली जागा शोधा. पाहुणीने उलट यजमानीणबाईंना लावायचं असतं, घाईत हे राहून जातं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आणि चैत्रगौरीला हे कार्यक्रम होतात.

औक्षणात पुरुषाच्या डोक्यावर टोपी किंवा रुमाल हवा. आधी कुंकवाचा उभा टिळा, त्यावर अक्षता, मग अंगठी आणि सुपारी ओवाळायची, शेवटी निरांजन. अक्षता गळतात कारण कुंकू कोरडं असतं. करंड्यातलं कुंकू वाटीत काढून एक-दोन थेंब पाण्यात कालवा आणि टिळा ओला असतानाच अक्षता दाबा. दाणे अखंड हवेत, कणी चालत नाही: अक्षत म्हणजेच न मोडलेलं.

१६. लग्न न झालेल्या मुलीने कुंकू लावलं तर चालतं?

चालतं. महाराष्ट्रात कुमारिका कुंकू लावतात, हळदीकुंकवाला त्यांनाही लावतात. लग्नाची खूण म्हणून आपल्याकडे मंगळसूत्र. रोज भांग भरण्याची चाल उत्तरेकडची. मालिकांमुळे इकडे आली, एवढंच.

१७. नवरा वारल्यावर कुंकू लावलं तर दोष लागतो का? हळदीकुंकवाला बोलवावं का?

दोष लागत नाही, आणि बोलवावं. भाषेत 'कुंकवाचा धनी', 'कुंकू पुसलं' असे शब्द रुजल्यामुळे कुंकू नवऱ्याच्या हयातीशी बांधलं गेलं. पण तेच कुंकू ती मुलगी लग्नाआधीही लावत होती (प्रश्न १६), मग ते नवऱ्याबरोबर का जावं, याला पटणारं उत्तर नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. घरात हे करायचं असेल तर 'तुम्हाला चालेल का?' असं चारचौघींत विचारू नका. त्या बाईवर नकार द्यायचं ओझं येतं. इतरांना लावतो त्याच ओघात, त्याच हाताने, करंडा पुढे करा. तिला नको असेल तर ती मान हलवेल.

१८. सुतकात गंध-कुंकवाचं काय? आणि पाळीत?

सुतकात देवपूजा थांबते, म्हणून पूजेनंतरचं गंधही थांबतं. पुरुष गंध लावत नाहीत, सुतक फिटल्यावर लावतात. सवाष्णींचं रोजचं कुंकू बहुतेक घरांत चालूच असतं. पाळीत देवाला शिवायचं नाही अशी चाल काही घरांत असली तरी स्वतःच्या कुंकवाला आडकाठी नसते.

१९. शंकराला हळद-कुंकू वाहत नाहीत, मग खंडोबाला भंडारा कसा?

पिंडीला भस्म, पांढरं गंध आणि पांढऱ्या अक्षता, हळद-कुंकू नाही, ही चाल खरी. खंडोबा शंकराचा अवतार मानला तरी त्याचं दैवत म्हणून रूप वेगळं आहे: घोड्यावर बसलेला, संसारी, म्हाळसा-बाणाईचा नवरा. त्याची पूजा लोकपरंपरेने ठरली आणि तिथे हळद मुख्य. हरतालिकेला शंकर-पार्वती एकत्र असतात तेव्हा पार्वतीसाठी हळद-कुंकू वाहतातच. नियम पिंडीचा आहे, शंकर या नावाचा नव्हे.

२०. कुंकू सांडलं तर अपशकुन असतो का?

करंडा कलंडला, एवढाच अर्थ. वरचं स्वच्छ कुंकू कागदाने उचलून घ्या, उरलेलं तुळशीत टाकतात. तुळशीतही चिमूटभरच, तेही हळदीचं असेल तर. रंगीत पूड मातीत मुरवण्यात अर्थ नाही.

२१. भुवयांमधल्या कुंकवाने डोकेदुखी, रक्तदाब कमी होतो म्हणतात. खरं?

भुवयांमध्ये आज्ञाचक्र असतं ही योगपरंपरेतली कल्पना आहे आणि ध्यानात त्या जागी लक्ष एकवटतात. तिथे कुंकू लावून रक्तदाब उतरतो याला आधार नाही. चंदनाने गार वाटतं ते खरं. त्यातलं पाणी उडताना त्वचेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून गंध वाळलं की गारवाही संपतो.

२२. देवळात पुजारी थेट कपाळालाच बोट लावतात. मला नको असेल तर?

उजवा तळहात पुढे करा. तीर्थासारखं गंधही हातावर देतात आणि त्यात देवाचा किंवा पुजाऱ्याचा अपमान होत नाही. पाहुण्यांना घरी कुंकू लावताना हीच सवलत त्यांनाही द्या. एमआरआयच्या आधी चमकीची, खड्यांची किंवा धातूची टिकली काढावी लागते, ती घरीच काढून जा.

२३. पांढऱ्या सदऱ्यावर बुक्का आणि हळद पडलीय. डाग जाईल?

बुक्का आधी कोरडा झटका. पाणी लागलं की काजळी धाग्यात शिरते. उरलेला भाग मागच्या बाजूने गार पाण्याच्या धारेखाली धरा, मग साबण. भंडाऱ्याच्या किंवा हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो, तेव्हा घाबरून जास्त घासू नका. साबणाच्या क्षाराने हळद लाल होते, कुंकू बनतं तसंच (प्रश्न ९). नीट खळबळून कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, एक-दोन दिवसांत डाग फिकट होत जातो. रंगवलेल्या पुडीचा डाग उन्हाला दाद देत नाही.